उजव्या हाताची घडण

क्लासिकल गिटारचा आवाज उजव्या हातात घडतो. डावा हात स्वर कोणता ते ठरवतो. तो स्वर गोल वाटायचा की टोकदार, भरीव की पोकळ, हे मात्र उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटे ठरवतात. वादक आणि तार यांच्यामध्ये इथे ना गज असतो, ना पट्टी, ना पिक. बोटाचे टोक आणि थोडेसे नख, एवढेच साधन. म्हणून एकाच गिटारवर एकाच तारेचा एकच स्वर दोघांनी वाजवला तरी दोन वेगवेगळी वाद्ये वाजल्यासारखे ऐकू येते.

या वाद्याला नायलॉनच्या तारा असतात. उंच स्वरांच्या तीन नुसत्या नायलॉनच्या, खर्जाच्या तीन रेशमासारख्या बारीक तंतूंवर धातूची तार गुंडाळलेल्या. घोडीपासून मानेच्या टोकापर्यंत तारेची लांबी साधारण 650 मिलिमीटर असते. हे माप एकोणिसाव्या शतकात स्पेनमधल्या आल्मेरियाचे कारागीर आंतोनियो दे तोरेस यांच्या गिटारांमुळे रूढ झाले. घोडीजवळ दोन तारांमध्ये 11-12 मिलिमीटरचे अंतर असते. गाण्याच्या साथीला वापरतात त्या लोखंडी तारांच्या गिटारपेक्षा हे अंतर जास्त आहे, आणि ते मुद्दाम ठेवलेले आहे: प्रत्येक बोटाला आपापल्या तारेपाशी शिरायला जागा हवी. लोखंडी तारांवर पिकने कॉर्ड वाजवण्याची सवय झालेला विद्यार्थी क्लासिकल गिटारकडे वळतो तेव्हा त्याचा डावा हात पूर्वीचे बरेच काही बरोबर आणतो. उजव्या हाताला मात्र पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बोटांनी तार छेडणे मराठी कानांना परके नाही. तंबोऱ्याची पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात. तिथे आघात म्हणावा असा काही नसतोच; बोटाचा मऊ भाग तारेला टेकतो, तिच्यावरून सरकतो आणि सुटतो. बोट जरा उभे झाले किंवा घाई झाली की जवारीतून निघणारा झंकार मोडतो आणि गाणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते. सतारीत तर्जनीवर तारेची नखी, म्हणजे मिजराब असते. बोट आत येताना 'दा' आणि बाहेर जाताना 'रा' वाजतो. एकच बोट दोन्ही दिशांनी बोलते. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे मिरजेला गेले की ही दोन्ही वाद्ये घडताना पाहता येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दक्षिणेला, कोकण रेल्वेने गोव्यात उतरले की फादो या पोर्तुगीज गानप्रकाराच्या साथीला बारा तारांची पोर्तुगीज गिटार भेटते. तिच्यावर तर्जनीचे नख सतारीसारखेच खाली-वर दोन्हीकडे फिरते. तिच्या शेजारी बसून खर्ज सांभाळणारी सहा तारांची गिटार, जिला पोर्तुगीजमध्ये 'व्हियोला' म्हणतात, ती मात्र क्लासिकल गिटारसारखीच असते.

या सगळ्या वाद्यांमध्ये क्लासिकल गिटारची गोष्ट अशी वेगळी आहे: बोट तळव्याकडे मिटते तेव्हाच तार वाजते. उघडताना ते गप्प राहते. सतारीचा 'दा' आहे, 'रा' नाही. 'रा'ची उणीव भरून काढण्यासाठी दुसरे बोट येते. एक बोट वाजवून परत जागेवर जात असते तेवढ्यात दुसरे वाजवते, आणि उजव्या हाताचे जवळजवळ सगळे तंत्र या पाळीपाळीने चालणाऱ्या कामाभोवती उभे राहते. हा हात तंबोऱ्याचा मऊ स्पर्श आणि सतारीचा रेखीवपणा, दोन्ही एकत्र मागतो.

बोटांची नावे स्पॅनिश शब्दांच्या आद्याक्षरांवरून आली आहेत. अंगठा 'पी' (पुल्गार), तर्जनी 'आय' (इंदिसे), मधले बोट 'एम' (मेदिओ) आणि अनामिका 'ए' (आनुलार). स्वरलिपीत स्वराच्या शेजारी ही अक्षरे छापलेली असतात. करंगळी एरवी वाजवत नाही. सुरुवातीला चार बोटांना चार घरे वाटून दिलेली असतात: खर्जाच्या तिन्ही तारा अंगठ्याकडे, तिसरी तर्जनीकडे, दुसरी मधल्या बोटाकडे, पहिली अनामिकेकडे. पुढे ही वाटणी मोडावी लागते, पण हात थकला किंवा गोंधळला की परत येण्याचे ठिकाण तेच.

हाताची सुरुवात बोटांपासून होत नाही, बसण्यापासून होते. वादक खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसतो, डावा पाय 12-15 सेंटिमीटर उंचीच्या पावठणीवर ठेवतो आणि गिटारची कंबर डाव्या मांडीवर टेकवतो. काही जण पावठणीऐवजी गिटारला लावायचा आधार वापरतात. पाठीला ते बरे पडते. मुद्दा इतकाच की गिटार दोन मांड्या, छाती आणि उजव्या हाताचा कोपराखालचा भाग एवढ्यांवर आपोआप स्थिर राहिली पाहिजे. तिला सावरण्याचे काम उजव्या हाताकडे आले, तर तो वाजवायला मोकळा राहत नाही.

उजवा हात कोपराच्या थोडा पुढे गिटारच्या वरच्या कडेवर टेकतो. तो तिथे ठेवायचा असतो, दाबायचा नाही. खांदा वर उचलला गेला असेल तर गिटार फार उंच आहे किंवा खुर्ची फार खाली. किनाऱ्यावरच्या दमट हवेत इथेच एक लहानशी अडचण येते. रत्नागिरीत मे महिन्यात किंवा पावसाच्या आधीच्या उकाड्यात अर्ध्या बाहीच्या शर्टात बसले की घामाने हात पॉलिशला चिकटतो. मग खर्जाच्या तारेकडून पहिल्या तारेकडे जाताना हात सरकत नाही आणि ते अंतर मनगट वाकवून भरून काढले जाते. उपाय साधा आहे: जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून तो बाहीसारखा कोपराखाली चढवायचा. हात मोकळा सरकतो आणि पॉलिशही घामापासून वाचते. जगभरचे वादक हेच करतात.

मनगट कसे असावे हे शब्दांत सांगणे अवघड, पण दाखवणे सोपे आहे. उभे राहून उजवा हात बाजूला सैल सोडावा. बोटे किंचित वळलेली असतात, मनगट जवळजवळ सरळ असते, अंगठा तर्जनीच्या शेजारी आरामात लोंबत असतो. हा हात आहे तसा उचलून तारांवर आणायचा. मनगट आत दुमडले की बोटांना ओढणारे स्नायुबंध मनगटातल्या अरुंद वाटेने जाताना घासतात; एका बाजूला मुरडले तरी तेच. जुन्या छायाचित्रांत काही थोर वादकांचे मनगट बरेच वर उचललेले आणि वळलेले दिसते. त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही. आजचे बहुतेक शिक्षक सरळ मनगटाचा आग्रह धरतात आणि तो आग्रह योग्य आहे, कारण हात 20 वर्षे नव्हे, 60 वर्षे टिकायला हवा.

करंगळी गिटारच्या फळीवर टेकवू नये. ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या काळात ती टेकवण्याची पद्धत होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही काही गिटारवादक ती पाळत. आधार मिळतो हे खरे, पण करंगळी अडकली की तिच्याशी जोडलेली अनामिका लंगडते.

आता प्रत्यक्ष छेड. सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, त्यामुळे ती सावकाश पाहायला हवी. एका छेडीचे चार भाग पडतात. पहिल्या भागात बोट तारेवर बसते. ते वरून येऊन आपटत नाही. बोटाचा मऊ भाग आणि नखाची डावी कड एकाच वेळी तारेला लागतात. दुसऱ्या भागात बोट तारेला ढकलते. तार जागची हलते, किंचित खाली, गिटारच्या फळीच्या दिशेने. अजून आवाज नाही. तिसऱ्या भागात तार नखाच्या कडेवरून घसरून सुटते आणि वाजू लागते. चौथ्या भागात बोट सैल पडून आपल्या जागी परत येते, कोणी बोलावल्याशिवाय.

शिकणाऱ्याचे सगळे लक्ष साहजिकच तिसऱ्या भागाकडे असते, कारण आवाज तेव्हाच येतो. पण आवाजाचा पोत तोपर्यंत ठरून गेलेला असतो. तारेला किती ढकलले यावर तो मोठा की लहान हे ठरते. कोणत्या दिशेला ढकलले यावर तो भरीव की पातळ हे. आणि सुटताना तारेला काय लागले, रुंद मऊ मांस की अरुंद कडक नख, यावर तो मधुर की तीक्ष्ण हे. तार फळीच्या दिशेने हलली तर फळी जोरात हलते आणि आवाज मोठा, गोलसर येतो. फळीला समांतर हलली तर आवाज हलका येतो पण जास्त वेळ टिकतो. बोट तारेखाली अडकवून बाहेर उपटले तर तार पडद्यांवर आपटते आणि 'फट्' असा आवाज होतो. नव्या विद्यार्थ्याच्या गिटारमधून येणारी खडखड बहुतेक वेळा तारेची किंवा गिटारची नसते. तार उपटली जात असते, म्हणून ती येते.

हालचाल कुठून व्हावी, यालाही उत्तर आहे. बोटाच्या मुळाशी असलेल्या मोठ्या सांध्यातून.  मधला सांधा त्याच्या बरोबर जातो, टोकाचा सांधा सैल राहतो किंवा थोडा दबतो. नुसत्या मधल्या सांध्यातून वाजवले की बोट खरवडते, आणि दहा मिनिटांत हाताचा वरचा भाग भरून येतो. चौथा भाग, म्हणजे सैल पडणे, याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बोट वाजवते पण ताण सोडत नाही. पुढच्या छेडीला तो ताण साठतो. त्याच्या पुढच्या छेडीला आणखी. वेग वाढत नाही तेव्हा विद्यार्थी आणखी जोर लावतो. खरे तर दोन छेडींमध्ये हात किती लवकर सैल होतो, त्यावरच वेग अवलंबून असतो.

छेडीचे दोन प्रकार आहेत. 'अपोयांदो' म्हणजे टेकून वाजवणे, ज्याला विद्यार्थी रेस्ट स्ट्रोक म्हणतात: बोट तार वाजवून वरच्या शेजारच्या तारेवर जाऊन विसावते. 'तिरांदो' म्हणजे फ्री स्ट्रोक: बोट शेजारच्या तारेला न शिवता तिच्या जरासे वरून तळव्याकडे जाते. अपोयांदोत तार आपसूक फळीकडे दाबली जाते, म्हणून आवाज भरदार येतो. एकेरी सुरावट उठावदार करायला तो उत्तम. पण टेकलेले बोट शेजारची तार गप्प करते, त्यामुळे अनेक तारा एकत्र घुमायला हव्या असतील तिथे तिरांदो लागतो. फ्रान्सिस्को तारेगा (1852-1909) आणि त्यांच्या शिष्यांनी अपोयांदोला फार वरचे स्थान दिले. आज कल थोडा बदलला आहे. तिरांदोही फळीच्या दिशेने दाबून तितकाच भरीव काढता येतो हे वादकांनी दाखवून दिले आहे, आणि चांगला वादक डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळू देत नाही.

अंगठा हा वेगळाच गडी आहे. तो बोटांच्या उलट दिशेने, खाली ढकलतो, आणि त्याची हालचाल तळाच्या, मनगटाजवळच्या सांध्यातून होते. टोकाचा सांधा वाकवून मारलेला खर्ज बोथट येतो. अंगठा बोटांच्या डावीकडे, गिटारच्या मानेच्या बाजूला पुढे राहायला हवा. वरून पाहिले तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना फुलीसारखी छेदतात, म्हणून ती आपटत नाहीत. अंगठा तळव्यात शिरत असेल तर हात तारांना फार समांतर झाला आहे असे समजावे.

आलटून-पालटून वाजवणे ही रोजची भाकरी. तर्जनी आणि मधले बोट, तर्जनी आणि मधले बोट. एकाच तारेवर, सारख्या आवाजात, सारख्या अंतराने. एकच बोट लागोपाठ दोनदा वापरण्याचा मोह फार मोठा असतो, कारण तर्जनी इतर बोटांपेक्षा हुशार असते. तो मोह सुरुवातीला मोडला नाही तर पुढे जलद सुरावट कधीच सुटी होत नाही. तार बदलताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हातात तर्जनी वर, खर्जाच्या बाजूला असते आणि मधले बोट खाली. त्यामुळे तिसऱ्या तारेवर तर्जनी आणि मग दुसऱ्या तारेवर मधले बोट, हे सहज जमते. याच्या उलट झाले की बोटे एकमेकांवरून चढतात. चांगला वादक तुकडा बसवताना आधी पेन्सिल घेऊन उजव्या हाताची बोटे स्वरांवर लिहितो. डाव्या हाताची बोटे सगळेच लिहितात. अडखळण्याचे कारण मात्र पुष्कळदा उजवीकडे असते.

कॉर्डचे स्वर एकामागून एक सोडत जाणे, म्हणजे अर्पेजिओ, हे या वाद्याचे खास सौंदर्य. इटालियन वादक माउरो जुलियानी यांनी 1812 साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या आपल्या पहिल्या ओपसमध्ये उजव्या हातासाठी 120 लहान पाठ दिले. डाव्या हाताला त्यात दोनच कॉर्ड धरायच्या असतात, सी मेजर आणि जी सेव्हन. कल्पना अत्यंत शहाणपणाची आहे: डावा हात जवळजवळ स्थिर ठेवला की सगळे कान उजव्याकडे लागतात. दोनशे वर्षांनंतरही या पाठांना पर्याय मिळालेला नाही. ब्राझीलचे संगीतकार व्हिला-लोबोस यांच्या बारा एत्यूदांपैकी, म्हणजे अभ्यासरचनांपैकी, पहिली जवळजवळ संपूर्णपणे अर्पेजिओच्या एकाच साच्यावर चालते. सुरुवातीला अर्पेजिओत बोटे आधीच तारांवर बसवून ठेवतात: अंगठा वाजला की त्याच क्षणी तिन्ही बोटे आपापल्या तारांवर तयार. यातून स्थैर्य येते. नंतर एकेक बोट वाजण्याच्या अगदी आधी बसवायचे, म्हणजे आधीचे स्वर घुमत राहतात.

ट्रेमोलो ही अर्पेजिओची एकाच तारेवर आणलेली आवृत्ती. अंगठा खर्जाचा स्वर वाजवतो आणि अनामिका, मधले बोट, तर्जनी या क्रमाने एकच स्वर तीनदा वाजवतात. वेग आला की तुटक स्वरांची सलग धार होते. तारेगा यांच्या 'रेकुएर्दोस दे ला आलांब्रा' या रचनेमुळे हे तंत्र घराघरांत पोचले. ती नेहमीच्या गतीने वाजवताना सेकंदाला नऊ-दहा स्वर सुटतात. इतक्या वेगात असमानता लपेल असे वाटते, पण कान ती पकडतो: घोडा लंगडत धावावा तसा आवाज येतो. उपाय वेगात नाही, सावकाशीत आहे. मोबाइलवरच्या मेट्रोनोमला मिनिटाला 60 ठोके लावून प्रत्येक ठोक्याला एकच स्वर, आणि प्रत्येक बोट तारेवर बसल्याबरोबर आधीचा स्वर बंद. तबल्याचा विद्यार्थी 'तिरकिट' आधी विलंबित लयीत अक्षर-अक्षर घोटतो, तेच इथे.

तार कुठे छेडायची यावर रंग बदलतो. नेहमीची जागा साउंडहोलच्या उजव्या कडेपाशी. घोडीकडे सरकले की आवाज धातूसारखा, नाकातला होतो. मानेकडे सरकले की मऊ आणि गोड. कारण असे की तार जिथे ओढून सोडावी, तिथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू असतो ते उपस्वर उमटत नाहीत. अगदी मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा असे सम क्रमांकाचे उपस्वर गळतात आणि आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ होतो. घोडीजवळ जवळजवळ सगळेच उपस्वर जागे होतात, म्हणून तो तीक्ष्ण. रंग बदलताना संपूर्ण हात सरकतो, मनगट वाकत नाही.

नखांचा प्रश्न या वाद्याइतकाच जुना आहे. 1820 च्या दशकात पॅरिसमध्ये दोन स्पॅनिश मित्र होते, फेर्नांदो सोर आणि दिओनिसियो आग्वादो. सोर नखांशिवाय वाजवत, आग्वादो नखांनी. सोर यांनी 1830 च्या आपल्या ग्रंथात नखांच्या आवाजाविरुद्ध कडक शब्दांत लिहिले, फक्त आपल्या मित्राचा अपवाद केला. आग्वादो यांनीही मित्राचे ऐकून अंगठ्याचे नख सोडले, बोटांची ठेवली. दोघांनी मिळून वाजवावी म्हणून सोर यांनी 'दोन मित्र' या अर्थाच्या नावाची एक जोडरचनाही लिहिली. पुढे तारेगा यांनी अखेरच्या वर्षांत नखे कापून टाकली आणि त्यांचे शिष्य एमिलियो पुजोल तीच वाट चालले. तराजू फिरला तो आंद्रेस सेगोव्हिया (1893-1987) यांच्यामुळे. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर नख हवे, आणि गोडवा राखायचा तर मांस हवे; त्यांनी दोन्ही एकत्र वापरले. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कचे आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या आणि सेगोव्हिया यांनी त्या स्वीकारल्या. गुळगुळीत नायलॉनवर नख अधिक स्वच्छ चालते. आज बहुतेक वादक नख आणि मांस मिळूनच वाजवतात.

नख किती असावे? तळवा डोळ्यांसमोर धरला की बोटाच्या टोकावर मिलिमीटर-दीड मिलिमीटर नख दिसावे. आकार बोटाच्या गोलाईसारखा किंवा अंगठ्याच्या बाजूने चढत जाणाऱ्या उतारासारखा, म्हणजे तार आत शिरते तिथे नख आखूड आणि सुटते तिथे थोडे लांब. कानशीने आकार द्यायचा आणि मग सर्वांत बारीक पॉलिश पेपरने कड काचेसारखी होईपर्यंत घासायची. कडेवर अगदी सूक्ष्म खाच राहिली तरी ती तारेवर 'खर्र' करून बोलते. नेलकटर शक्यतो लावू नये. त्याने नखाचे थर सुटतात.

कोकणात नखे सांभाळणे हा वेगळाच उद्योग आहे. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ थांबत नाही. हवेतला ओलावा 80-90 टक्क्यांच्या घरात असतो, आणि नख पाणी शोषते. भिजलेले नख मऊ होते, वाकते, तारेवरून सुटायला उशीर करते. वाजवण्याआधी अर्धा तास भांडी, कपडे, आंघोळ यांतले काही नको, एवढे पथ्य पाळले तरी फरक पडतो. वाद्यही फुगते: पोटाची फळी वर उचलली जाते, तारा उंच होतात आणि कालपर्यंत ओळखीच्या वाटणाऱ्या तारा उजव्या हाताला आज दूर आणि ताठ लागतात. गिटार पेटीत, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवणे हाच उपाय. तिची पाठ आणि कडा बहुधा शिसवीच्या असतात, आणि ती शिसवी आपल्याच सह्याद्रीच्या रांगांतली असू शकते. पण पाऊस तिला झाडपणीच सोसतो, फळीपणी नाही.

उन्हाळ्यात कारणे बदलतात. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर काढताना बीच्या कवचातले तेल बोटांना लागले की कातडी भाजते, काळी पडते आणि काही दिवसांनी पापुद्रे निघतात. ज्या बोटांच्या टोकांनी तार ऐकायची, तीच बधिर होतात. घरी हे काम करणारी मंडळी हाताला खोबरेल तेल किंवा राख लावतात. गिटार वाजवणाऱ्याने रबरी मोजेच घालावेत. आंब्याच्या चिकालाही हेच लागू. खोबरे खवताना विळीच्या दात्यावर नख जाते ते वेगळेच. तुटलेले नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे परत वाजवण्याजोगे व्हायला जवळजवळ महिना. मधल्या काळात काही जण टेबल टेनिसच्या चेंडूचा लहान तुकडा नखाखाली चिकटवतात. एखाद्या कार्यक्रमापुरते ते चालते. रोज चिकटवणी लावली तर मूळ नख कागदासारखे होते. त्यापेक्षा महिनाभर मांसाने वाजवावे; सोर यांनी जन्मभर तेच केले.

काही विशेष छेडी राहिल्या. रास्गेआदोत बोटे मिटण्याऐवजी उघडत तारांवर पडतात आणि नखांच्या पाठीने कॉर्डचा सडा पडतो. बोट उघडताना वाजवते असे हे जवळजवळ एकमेव ठिकाण. पिझिकातोत तळव्याची करंगळीकडची कड घोडीला लागून तारांवर हलकेच ठेवतात आणि अंगठ्याने वाजवतात. तांबोरात अंगठ्याच्या बाजूने घोडीजवळ तारांवर थाप मारतात. हार्मोनिकच्या स्वरासाठी उजवी तर्जनी डाव्या हाताने दाबलेल्या जागेच्या बारा पडदे पुढे तारेला नुसती टेकवायची आणि अनामिकेने किंवा अंगठ्याने छेडायचे.

दुखणे हा तंत्राचाच भाग आहे. वाजवल्यावर कोपराखाली भरून येणे विश्रांतीने जाते. मनगटात टोचणारी कळ आली तर त्याच दिवशी थांबायला हवे. याहून गंभीर प्रकार म्हणजे फोकल डिस्टोनिया: बोट दुखत नाही, पण ऐकत नाही, वाजवायला जावे तर आपोआप मिटते. अमेरिकन वादक डेव्हिड लाइझनर यांना हा त्रास उजव्या हातात झाला आणि बऱ्याच वर्षांनी, खांदा-पाठीच्या मोठ्या स्नायूंतून वाजवायला नव्याने शिकून ते मंचावर परतले. 

उजव्या हाताचे शेवटचे काम स्वर थांबवण्याचे. डाव्या हाताने दाबलेला स्वर बोट उचलले की संपतो, पण मोकळ्या तारा घुमत राहतात. पाचव्या तारेचा खर्ज वाजवून सहाव्या तारेच्या स्वरावर यायचे झाले, तर पाचवी मागे घुमत राहते आणि दोन खर्ज एकमेकांत मिसळून गढूळ होतात. सहावी वाजवून झाल्यावर अंगठा पाचव्या तारेवर टेकवला की ती गप्प होते. उलट, सहावीवरून पाचवीवर येताना अंगठ्याची पाठ मागे नेऊन सहावीला लावावी लागते, आणि हे जास्त अवघड आहे. तुकड्याच्या शेवटच्या कॉर्डलाही हेच: तळव्याची कड किंवा चारही बोटे तारांवर परत ठेवायची. अचानक ठेवली तर कॉर्ड कापल्यासारखी वाटते. आधी खर्ज, मग मधल्या तारा, शेवटी पहिली, असा हात सावकाश टेकवला तर स्वर विझत जातो, आणि पहिल्या तारेवर बोट टेकेपर्यंत तो ऐकू येत राहतो.